चित्र नेमके कुठे बिघडले? : डिजिटल संकलनातील रिझोल्यूशन आणि कॉम्प्रेशनच्या अभ्यासाची प्रस्तावना

‘टाइमलाइनवर झकास दिसत होतं, एक्सपोर्ट केल्यावर फाटलं.’ संकलनाच्या खोलीत सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. लग्नाचे शूटिंग कापणारा असो, वृत्तवाहिनीत रात्रपाळीला बसलेला असो किंवा माहितीपटाचा शेवटचा कट लॉक करून बसलेला असो, शब्द फारसे बदलत नाहीत. त्यावरचा उपायही ठरलेला आहे: बिटरेट वाढवायचा आणि पुन्हा रेंडरला लावायचे. कधी तो लागू पडतो. पुष्कळदा मात्र फाइल तेवढी फुगते आणि चित्र होते तसेच राहते, कारण तक्रार रिझोल्यूशनची म्हणून मांडलेली असली तरी दुखणे वेगळेच असते.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने सुरुवातीलाच एक भेद मनाशी पक्का करावा. पडद्यावर वाईट दिसणाऱ्या चित्रातली माहिती एक तर खरोखर नष्ट झालेली असते, नाही तर ती फाइलमध्ये शाबूत असते आणि कोणीतरी ती चुकीची वाचत असते. पहिल्या प्रकाराला इलाज नाही, तो पुढच्या वेळी टाळता येतो एवढेच. दुसरा प्रकार योग्य खूण बदलली की पाच मिनिटांत सुटतो. आपल्याकडे घडते ते नेमके उलटे. गेलेली माहिती परत आणण्यासाठी लोक रात्री जागवतात आणि शाबूत फाइलला ‘खराब फुटेज’ म्हणून फेकून देतात. दुरुस्ती कशी करायची हे विचारण्याआधी बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला हे शोधावे लागते. या विद्येचा बराचसा भाग त्या शोधातच आहे.

आधी थोडा हिशेब मांडू. १९२०×१०८० आकाराच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन बाइट दिले, तर एक फ्रेम सहा मेगाबाइटच्या वर जाते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सेकंदाचे १५५ मेगाबाइट आणि तासाचे जवळपास ५६० गिगाबाइट होतात, तेही आवाज सोडून. हाच तास यूट्यूबच्या शिफारशीप्रमाणे ८ मेगाबिट प्रतिसेकंद या दराने एक्सपोर्ट केला, तर चित्राची फाइल ३.६ गिगाबाइटची होते. दीडशेहून जास्त वाट्यांपैकी एक वाटा ठेवला, बाकीचे टाकून दिले, आणि तरी पाहणाऱ्याला काही गेल्यासारखे वाटत नाही! चित्र का बिघडले हे सगळेच विचारतात. इतके टाकूनही ते एवढे चांगले कसे राहिले, हा प्रश्न आधी विचारावा. त्याच्या उत्तरातच बिघाडांची उत्तरे दडलेली आहेत.

टाकण्याची पहिली फेरी डोळ्याच्या एका मर्यादेवर उभी आहे. उजेड-अंधाराचे बारकावे डोळा जितके टिपतो, तितके रंगाचे टिपत नाही. म्हणून चित्राची उजेडाची आणि रंगाची माहिती वेगळी काढतात. उजेड प्रत्येक पिक्सेलचा ठेवतात, आणि रंग चार पिक्सेलच्या चौकोनात मिळून एकदाच नोंदवतात. ४:२:० या खुणेचा अर्थ एवढाच. खरे कॉम्प्रेशन सुरू होण्याआधीच इथे फाइल निम्मी होते. मोबाइल, बहुतेक साधे कॅमेरे, डीव्हीडी, यूट्यूब सगळीकडे हीच पद्धत आहे.

दुसऱ्या फेरीमागे एक माणूस आहे आणि त्याची हकिगत सांगण्याजोगी आहे. नासिर अहमद बंगळूरुचे. तिथेच अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेत गेले आणि कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका गणिती कल्पनेवर काम करण्यासाठी अनुदान मागितले. ते मिळाले नाही. कल्पना फारच साधी वाटते, अशा अर्थाचा शेरा एका परीक्षकाने मारला होता, असे अहमद यांनीच १९९१ साली लिहून ठेवले आहे. काम अनुदानाशिवाय झाले. जानेवारी १९७४ मध्ये अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांचा डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मवरचा निबंध आयईईईच्या संगणकविषयक नियतकालिकात छापून आला. लांबी अवघी चार पाने. जेपेग छायाचित्र, व्हीसीडी, डीव्हीडी, एच.२६४ या सगळ्यांच्या पोटात हीच युक्ती किंवा तिची थोडी बदललेली आवृत्ती काम करते. आपण रोज जितकी चित्रे पाहतो, त्यातली फार थोडी या चार पानांतून न जाता आपल्यापर्यंत येत असतील.

ही युक्ती समजून घेणे अवघड नाही. डीव्हीडीच्या एमपेग-२ मध्ये चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडतात. एका चौकोनातले ६४ आकडे एका सूत्राने दुसऱ्या ६४ आकड्यांत बदलतात. नव्या आकड्यांपैकी पहिला चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो, त्यानंतरचे संथ चढउतार सांगतात, आणि शेवटचे केसांची, गवताची, सुती कापडाच्या विणीची बारीक नक्षी सांगतात. इथपर्यंत काहीही हरवलेले नसते. सूत्र उलटे चालवले की मूळ चित्र परत मिळते. माहिती मरते ती पुढच्या पायरीवर, क्वांटायझेशनमध्ये. बारीक नक्षीच्या आकड्यांना मोठ्या संख्येने भागायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा, म्हणजे बहुतेक जागी शून्य उरते. शून्यांची रांग साठवायला जागा जवळजवळ लागतच नाही. बिटरेट कमी ठेवला की हा भाजक वाढतो, आणि भाजक वाढला की नक्षी आधी जाते, मग चढउतार, शेवटी चौकोनाचा एकच सपाट रंग राहतो.

एवढे कळले की दोषांचे चेहरे ओळखता येऊ लागतात. पडद्यावर सरळ चौकोन दिसत असतील, तर तिथे सरासरीखेरीज फारसे काही उरलेले नाही. अक्षरांच्या किंवा झाडाच्या फांद्यांच्या कडेभोवती बारीक थरथर दिसत असेल, तर तीक्ष्ण कड दाखवायला लागणारे शेवटचे आकडे अर्धवट छाटले गेले आहेत. दोन हजारच्या दशकात घरोघरी नाटकांच्या आणि चित्रपटांच्या व्हीसीडी होत्या. त्यात ३५२×२८८ आकाराचे चित्र सव्वा मेगाबिटपेक्षाही कमी दरात कोंबलेले असे, आणि घोडदौड सुरू झाली की पडद्यावर फरशा पसरत. एच.२६४ ने या चौकोनांच्या कडा पुसणारी चाळणी मूळ पद्धतीतच घातली. त्यामुळे फरशा गेल्या आणि त्यांच्या जागी मेणचटपणा आला. गाल गुळगुळीत, केसांचा एकच गोळा, मागची झाडी हिरव्या चिखलासारखी. दोषाची जात पाहून फाइल कोणत्या काळातून आणि कोणत्या हातांतून आली याचा अंदाज बांधता येतो, आणि तो पुष्कळदा बरोबर निघतो.

तिसरी फेरी वेळेची. शेजारच्या दोन फ्रेम बहुधा सारख्याच असतात, म्हणून प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम ठेवतात, आणि मधल्या फ्रेमसाठी ‘हा तुकडा मागच्या फ्रेममधून उचल, इतका डावीकडे सरकव’ अशा सूचना ठेवतात. खुर्चीवर बसून बोलणाऱ्या वक्त्याचे चित्रण यात फार स्वस्तात बसते, कारण हलतात ते ओठ आणि हात.

आता त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर पुण्यातली विसर्जन मिरवणूक टिपा. हवेत गुलाल आहे, ढोलपथकाचे ध्वज उसळताहेत, वरून भुरभुर पाऊस. गुलालाचा एकही कण मागच्या फ्रेममध्ये जिथे होता तिथे नाही, आणि कुठे सरकला तेही सांगता येत नाही. उचलण्यासारखे मागे काही नसल्यामुळे प्रत्येक फ्रेम जवळजवळ नव्याने लिहावी लागते, आणि बिट मात्र मुलाखतीइतकेच. पडद्यावर गुलाबी लापशी होते. लोक कॅमेऱ्याला दोष देतात, तर कॅमेरेवाला एडिटरला. गुलाल, पाऊस, समुद्राचा फेस, कॉन्फेटी, आतषबाजी आणि कमी उजेडातला कॅमेऱ्याचा स्वतःचा दाणा, ही कॉम्प्रेशनची सगळ्यांत कठीण परीक्षा. बिटरेट वाढवणे हा उपाय खऱ्या अर्थाने लागू पडतो तो इथे. त्यातही सरसकट वाढवण्यापेक्षा गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारा बिटरेट आणि दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग निवडावे. पहिल्या फेरीत यंत्र कुठे अवघड आहे ते पाहून घेते, आणि दुसऱ्या फेरीत मुलाखतीतले वाचलेले बिट मिरवणुकीला देते.

वेळेच्या या बचतीची किंमत एडिटरला वेगळ्या रूपात मोजावी लागते. मिनीडीव्ही टेपवर २५ मेगाबिटच्या दराने प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबलेली असे. टेपवर एखादा ओरखडा असला तर एखाद-दुसरी फ्रेम जाई. पुढे त्याच टेपवर, त्याच २५ मेगाबिटमध्ये, एचडीव्हीने १४४०×१०८० आकाराचे चित्र बसवले. ते एमपेग-२ च्या गटपद्धतीने बसवले होते, आणि २५ फ्रेमच्या प्रणालीत १२ फ्रेमचा एक गट असे. आता तोच ओरखडा गटाच्या मुख्य फ्रेमवर आला, तर जवळपास अर्धा सेकंद हातचा जातो. कटही तसाच अवघड होतो. गटाच्या मधोमध कापायचे असेल, तर यंत्राला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपर्यंतचा सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो. मोबाइलच्या फाइल टाकल्यावर टाइमलाइन अडखळते ती याच कारणाने. चित्र त्यात बिघडलेले नसते, संगणक दमलेला असतो. यासाठी संकलनापुरते वेगळे कोडेक आहेत: अ‍ॅपलचे प्रोरेझ, अ‍ॅव्हिडचे डीएनएक्सएचडी. प्रोरेझ ४२२ ला २५ फ्रेमच्या एचडी चित्रासाठी १२२ मेगाबिट लागतात, पण प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि काम लोण्यासारखे चालते. ज्यांच्या डिस्कमध्ये तेवढी जागा नाही, त्यांनी लहान आकाराच्या प्रॉक्सी फाइल करून काम करावे.

याच ठिकाणी एक भ्रम काढून टाकायला हवा. मोबाइलचे फुटेज प्रोरेझमध्ये बदलल्याने त्याचा दर्जा वाढत नाही. फाइल दहापट होते, काम सुकर होते आणि पुढची हानी टळते, पण कॅमेऱ्यात गेलेली नक्षी परत येत नाही. फाइलच्या नावातली शेवटची अक्षरे एमपी४ वरून एमओव्ही केल्यानेही आत काही बदलत नाही. ती नुसती पेटी आहे.

आतापर्यंत नष्ट होण्याबद्दल बोललो. चुकीच्या वाचनाचे क्षेत्र मला जास्त आवडते, कारण तिथे यश मिळते. फाइलमध्ये चित्राबरोबर काही खुणाही लिहिलेल्या असतात: पिक्सेलचा आकार काय धरायचा, कोणत्या ओळी आधी दाखवायच्या, काळा किती काळा मानायचा. यातली एखादी खूण हरवली किंवा सॉफ्टवेअरने तिच्याकडे दुर्लक्ष केले, की अगदी निरोगी फाइल आजारी दिसू लागते.

पिक्सेलच्या आकारापासून सुरू करू. संगणकाचा पिक्सेल चौरस असतो. आपल्या जुन्या पाल पद्धतीच्या ७२०×५७६ चित्रातला पिक्सेल मात्र चौरस नव्हता. ४:३ च्या चौकटीत तो उंचीच्या सुमारे १.०९ पट रुंद धरायचा असे. एचडीव्हीचा १४४०×१०८० मधला पिक्सेल १.३३ पट रुंद. ही खूण सुटली की एचडीव्हीतली माणसे काटकुळी होतात. याच्या उलट, ४:३ चे चित्र पडदा भरावा म्हणून १६:९ मध्ये ताणले की सगळे एक तृतीयांशाने जाड होतात. प्रभातच्या ‘संत तुकाराम’सारख्या १९३६ सालच्या चित्रपटाची चौकट जवळपास ४:३ होती. ती रुंद पडद्यावर ताणली तर तुकाराम लठ्ठ होतात, आणि वरून-खालून कापली तर जवळजवळ पाव चित्र जाते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवणे हाच त्यातला एकमेव सभ्य मार्ग आहे. ‘काळ्या पट्ट्या बऱ्या दिसत नाहीत’ म्हणणाऱ्या निर्मात्याशी मी तरी वाद घालतो.

मग ओळींचा क्रम. दूरचित्रवाणीच्या जुन्या पद्धतीत एक फ्रेम दोन हप्त्यांत येई. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम आणि ५० हप्ते. पाल डीव्हीमध्ये खालच्या ओळींचा हप्ता आधी येतो, तर १०८० ओळींच्या एचडीमध्ये वरच्या ओळींचा. डीव्हीची क्लिप एचडी टाइमलाइनवर टाकताना हा क्रम चुकला, की हलणारा हात प्रत्येक फ्रेममध्ये पुढे-मागे-पुढे असा थरथरतो. दोन्ही हप्ते एकाच वेळी संगणकाच्या पडद्यावर आले, तर हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. हे दोन दोष वेगळे आहेत. पहिल्यात क्रम दुरुस्त करायचा, दुसऱ्यात डीइंटरलेसिंग करायचे. क्रम चुकलेला असतानाच डीइंटरलेस केले आणि ती फाइल एक्सपोर्ट करून मूळ पुसली, तर दुरुस्त होणारा दोष कायमचा होऊन बसतो. जुन्या टेपांच्या कामात मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती अशा फाइली पाहून.

उजेडाची पट्टी हा याच घराण्यातला तिसरा दोष. आठ बिटमध्ये ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. व्हिडिओच्या परंपरेत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, तर संगणकाचा पडदा ० ते २५५ धरतो. मर्यादित पट्टीचे चित्र पूर्ण पट्टीचे समजून दाखवले की काळा राखाडी होतो आणि सगळ्यावर पातळ धुके आल्यासारखे वाटते. उलट गफलत झाली की सावल्यांतले सगळे बुडते. ग्राहक ‘कलर उडालाय’ म्हणतो, आणि एडिटर कॉन्ट्रास्ट वाढवून ते झाकतो. हा उपाय चुकीचा आहे. ज्या यंत्रावर खूण बरोबर वाचली जाते, तिथे हेच चित्र मग दुप्पट काळे दिसते.

टाइमलाइनवरची एक फसगत खास सांगायला हवी, कारण ती चांगल्या चांगल्यांना चकवते. प्रीमिअर प्रोच्या अनेक आवृत्त्यांत ‘स्केल टू फ्रेम साइझ’ आणि ‘सेट टू फ्रेम साइझ’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी असत. ४के क्लिप एचडी टाइमलाइनवर टाकली, तर दोन्हींनी ती सारखीच बसलेली दिसे. पहिल्याने मात्र क्लिप आधी एचडी आकाराची करून टाकली जाई. पुढे चेहऱ्यावर झूम केले की ४केचा काही फायदा मिळत नसे आणि चित्र फुटे. दुसऱ्याने फक्त प्रमाणाचा आकडा बदले, मूळ पिक्सेल हाताशी राहत. क्लिपही तीच, कॅमेराही तोच, आणि कोणीतरी नवी लेन्स घ्यायला निघालेला!

चालीचे घोटाळेही याच वर्गातले. मोबाइल दर सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम टिपतो असे नाही. उजेड कमी झाला की तो चाल मंदावतो. स्थिर चालीची अपेक्षा करणाऱ्या टाइमलाइनवर मग आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो. संकलनापूर्वी हँडब्रेक किंवा एफएफएमपेगने स्थिर चालीची प्रत करून घेतली की प्रश्न मिटतो. अमेरिकी पद्धतीची २९.९७ ची चाल ३० समजून वाचली, तरी तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो. आणि ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते, त्याचा कॉम्प्रेशनशी संबंध नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मोबाइल ३० च्या चालीने टिपतो, म्हणून ती लाट दिसते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की थांबते.

मराठी मजकूर पडद्यावर चढवणाऱ्यांसाठी ४:२:० ची एक खास अडचण आहे. रोमन लिपीत जाड खांबांचा टाइप निवडला की बहुतेक वेळा भागते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर आणि खाली अर्थ असतो: अनुस्वार, रफार, उकार, वेलांटीचे टोक. अनुस्वाराचा ठिपका लहान आकारात जेमतेम तीन-चार पिक्सेलचा असतो. त्यात मजकूर गडद लाल आणि पार्श्वभूमी निळी असेल, तर दोन्हींच्या उजेडात फरक कमी, आणि रंगाची नोंद चार पिक्सेलमागे एकदाच. ठिपका रंगाच्या आधारावर उभा राहू शकत नाही, तो विरघळतो. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने फाइल पुन्हा दाबली की ‘चिंता’ आणि ‘चिता’ यांत फरक उरत नाही. उपाय साधा आहे: मजकूर आणि पार्श्वभूमी यांत उजेडाचा ठळक फरक ठेवावा, बारीक वजनाचे टाइप टाळावेत, अक्षर एक माप मोठे ठेवावे, आणि अंतिम तपासणी मोबाइलवर, हातभर अंतरावरून करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी पोहोचते, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसते.

आकाशातल्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. संध्याकाळचे आकाश पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अवघ्या २४ पायऱ्यांनी गडद होत असेल, तर १९२० पिक्सेलमध्ये प्रत्येक पायरी ८० पिक्सेल रुंद होते, आणि ती दिसते. दहा बिटमध्ये पायऱ्या चौपट होतात म्हणून पट्ट्या नाहीशा होतात. आठ बिटमध्येच राहायचे असेल तर थोडा दाणा मिसळावा. पण बिटरेट कमी ठेवलात तर तोच दाणा कॉम्प्रेशन पहिल्यांदा खाऊन टाकते आणि पट्ट्या परत येतात.

आता जुन्या संग्रहांकडे वळतो, कारण या विषयाची खरी निकड मला तिथे दिसते. महाराष्ट्रात हौशी आणि व्यावसायिक नाटकांची, व्याख्यानमालांची, कीर्तनांची, घरगुती समारंभांची चित्रणे व्हीएचएस आणि मिनीडीव्ही टेपांवर कपाटांत पडून आहेत. मिनीडीव्हीवर जे आहे ते डिजिटलच आहे. फायरवायरने ते जसेच्या तसे, तासाला सुमारे १३ गिगाबाइट या हिशेबाने उतरवता येते. तरी दुकानातून येते ती बहुधा एक गिगाबाइटची ‘एचडी’ फाइल. यातला एचडी हा शब्द तपासून पाहावा. ७२०×५७६ म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. १९२०×१०८० त्याच्या बरोबर पाचपट. म्हणजे त्या फाइलमधल्या दर पाच पिक्सेलपैकी चार यंत्राने शेजाऱ्यांकडे पाहून भरलेले आहेत, आणि मग ती फुगवलेली फाइल आवळून, खरे होते त्यातलेही बरेच टाकले आहे. अशा कामात मूळ आकाराची, मूळ हप्त्यांची, पुन्हा न दाबलेली प्रत आधी मागून घ्यावी. पाहण्यासाठी लहान प्रती नंतर कितीही करता येतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी मोठे करण्याची साधने आता घराघरांत आली आहेत. त्यांचे निकाल डोळ्यांना सुखावतात हे मान्य. पण ती हरवलेली नक्षी शोधून काढत नाहीत, इतर लाखो चित्रांवरून संभाव्य नक्षी रचतात. जाहिरातीत त्याला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. दिवंगत नटाच्या एकमेव चित्रणात त्याच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या यंत्राने रचल्या असतील, तर तो दस्तऐवज राहिला का, हा प्रश्न मी अनुत्तरित ठेवत नाही. माझ्या मते राहिला नाही. अशी प्रत करायची तर जरूर करावी, पण मूळ प्रतीच्या शेजारी आणि तसे स्पष्ट लिहून. १९६४ पासून पुण्यात असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्था मूळ रीळ आणि त्यापासून केलेली प्रत यांत भेद ठेवतात. घरच्या कपाटातल्या टेपलाही तो नियम लागू करायला हरकत नाही.

हा विषय कोणत्या एका विद्याशाखेत बसतो, असे विचारले जाते. तो अनेकांच्या सीमेवर आहे. कोसाइन ट्रान्सफॉर्म गणिताचा, ४:२:० डोळ्याच्या शरीरशास्त्राचा, ७०९ आणि २०२० सारख्या शिफारशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या समित्यांच्या कारभाराचा. चित्र ‘चांगले’ आहे हे कसे ठरवायचे, हा तर अर्धा मानसशास्त्राचा प्रश्न. नुसता पिक्सेलमागचा फरक मोजणारे जुने माप, पीएसएनआर, डोळ्याशी नेहमी सहमत होत नाही. २००४ मध्ये आलेले एसएसआयएम आकृतीच्या रचनेकडे पाहते. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुले केलेले व्हीएमएएफ माणसांनी दिलेल्या गुणांवरून शिकलेले आहे. तिन्ही उपयोगी आहेत, आणि देवनागरीतला गेलेला अनुस्वार तिन्हींच्या आकड्यात सहज लपतो.

कामाची रीत सांगायची तर ती फार जुनी आहे. साखळी मागून पुढे तपासा: मूळ कार्डावरची फाइल, आयात केलेली प्रत, टाइमलाइन, एक्सपोर्ट, चढवलेली प्रत, पाहणाऱ्याचे यंत्र. ज्या दोन कड्यांमध्ये चित्र पहिल्यांदा बदलले, तिथे थांबा. एका वेळी एकच सेटिंग बदला. तपासणीसाठी दहा सेकंदांचा अवघडातला अवघड तुकडा निवडा, सगळा तास रेंडर करत बसू नका. प्रीव्ह्यूची खिडकी पाव दर्जावर ठेवलेली नाही ना, आणि चित्र शंभर टक्के आकारात पाहतो आहोत ना, हे आधी बघा. कित्येक ‘बिघाड’ इथेच संपतात. आणि यूट्यूब किंवा इतर कोणतेही व्यासपीठ आपली फाइल पुन्हा दाबणारच हे गृहीत धरून तिथे चढवायची प्रत थोडी सैल हाताने करा.

पुढची प्रकरणे वाचायला घेण्यापूर्वी वाचकाला एक विनंती आहे. आपल्याकडची एखादी बिघडलेली, टाकून द्यायच्या यादीतली क्लिप निवडा. मीडियाइन्फो हे मोफत साधन उतरवून घ्या, त्यात ती उघडा आणि कोडेक, फ्रेमचा आकार, पिक्सेलचे प्रमाण, चाल स्थिर की बदलती, ओळींचा क्रम, रंगाची नोंद, बिटांची खोली आणि बिटरेट एवढे कागदावर उतरवून ठेवा. दोष काय दिसतो तेही एका वाक्यात लिहा, कारण मात्र लिहू नका. पुस्तक संपेपर्यंत ती क्लिप पुसू नका.